डब्याच्या पोटातली ऊब

मी एक जुनी सळई आहे, मित्रांनो. बोटाएवढी लांब, अगदी बारीक, आणि मागे वायरची लांब शेपटी. मला कोणी केरात टाकलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पण मी थर्मामीटर आहे. तुमचा ताप काखेत कळतो. डब्याचा ताप मी त्याच्या पोटात शिरून सांगते.

बाळांसाठी गाजराचा मऊ गर डब्यात भरतात, त्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. बंद डबे एका प्रचंड कुकरमध्ये वाफेवर ठेवतात. वाफ डब्याला बाहेरून लगेच तापवते, पण ऊब मध्यभागी पोचायला फार वेळ लागतो. ती पुरेशी पोचली नाही, तर जंतू जिवंत राहतात आणि बाळ आजारी पडतं. म्हणून एका डब्याला भोक पाडून मला मधोमध बसवत. आत मिट्ट काळोख. आजूबाजूला शेकडो डबे असत, पण माझ्या डब्यात मी एकटीच.

गणितवाली ताई तेवढी माझ्याशी बोलायची. "बोल गं बाई, आत कसं आहे?" असं म्हणत ती माझे आकडे वहीत उतरवायची. पूर्वी भीतीपोटी डबे इतके शिजवत की गर काळपट होऊन जाई. ताईने माझ्या आकड्यांवरून एक गणित मांडलं आणि कॉम्प्युटरवर चढवलं. डबा केवढा, गर किती पातळ, वाफ किती गरम, एवढं सांगितलं की डब्याच्या पोटात केव्हा काय होईल, ते गणितच सांगे. डबा फोडायला नको, मला खुपसायला नको. गाजराचा रंग गाजरासारखा राहू लागला. सगळ्यांनी गणिताचं कौतुक केलं.

मला पुसून खणात ठेवलं. सोबतीला दोन सुकलेली पेनं आणि कुलूप हरवलेली एक किल्ली. मी मनाला समजावलं, ते गणित म्हणजे माझी लेकच की. लेक आपल्या घरी सुखात असली तर आईने कुढू नये म्हणतात. तरी मी कुढले. पुढे ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि खण उघडायलाही कोणी उरलं नाही.

मग एका दुपारी खणाबाहेर तिचा आवाज आला.

"काका, हा गर कोणाचा?"

"आपलाच की," कुकरवाले काका म्हणाले. "तू रजेवर होतीस तेव्हा घट्ट केला. पातळ गराचे पोरं ओघळ काढतात म्हणे. पहिलाच माल आहे, एक डबा तुझ्या लेकीसाठी काढून ठेवला."

"चमचा उभा राहतोय यात."

"मग बरंच झालं, सांडायचा नाही."

"गणितात बदल कोणी केला?"

"बदल कशाला? डबा तोच, कुकर तोच. कॉम्प्युटर ठीक म्हणतोय."

ताईने चमचा गरात फिरवून पाहिला. "पातळ गर डब्यात फिरत राहतो, काका, ऊब वाटत जातो. घट्ट गर जागचा हलत नाही. गणिताला अजून हा पातळच वाटतोय."

तेवढ्यात साहेब आले. "गाडी दारात उभी आहे. संध्याकाळच्या आत माल गेला पाहिजे."

"दोन तास द्या, साहेब."

खण उघडला. केवढा उजेड! ताईने मला रुमालाने पुसलं आणि आधी उकळत्या पाण्यात बुडवलं. मी बरोबर शंभर सांगितलं. मग नव्या गराच्या डब्यात. तोच काळोख, पण या वेळी मी घाबरले होते. मला माझ्याच लेकीविरुद्ध साक्ष द्यायची होती.

वेळ संपली. गणित म्हणालं, एकशे वीस. मी म्हणाले, एकशे सहा.

"म्हातारी झालीय ती, चुकत असेल," साहेब म्हणाले.

ताईने मला पुन्हा उकळत्या पाण्यात धरलं. शंभर. मग दुसरा डबा. एकशे सहा.  साहेबांनी गाडीवाल्याला हातानेच परत जायला सांगितलं. लेक खोटारडी नव्हती, मित्रांनो. तिला कोणी खरं सांगितलंच नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी पुन्हा आकडे सांगितले आणि ताईने गणित सुधारलं. शेवटच्या दिवशी तिने खणावर चिठ्ठी चिकटवली: "गर बदलला तर आधी हिला विचारा." काका हसले. "म्हणजे सासूबाईंना विचारल्याशिवाय कुकर लावायचा नाही."

त्यानंतर गर बदललेला नाही. मी पुन्हा किल्लीशेजारी पडून आहे, आणि खणाबाहेर पाऊल वाजलं की कान टवकारते. मित्रांनो, गणितावर जरूर विश्वास ठेवा, ते फार शहाणं आहे. पण मधोमध ऊब पोचली का, हे अधूनमधून आत शिरून विचारत जा. डब्याला विचारा, आणि घरात गप्प बसलेल्या माणसालाही.