डेंट किंगचा हिरवा ठिपका

"सीमंतिनी, ऊन उतरलं की एकदा येऊन जा. वरून गाड्यांचा आवाज येतोय, पण त्याच्या चालण्याचा येत नाहीये."

लीलाताईंचा हा फोन आला तेव्हा सीमंतिनी कैरीचं पन्हं गाळत होती. किला गेटजवळच्या ज्या इमारतीत तिचं माहेर होतं, तिथे लीलाताई दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांच्या डोक्यावर, थेट गच्चीखाली, सीमंतिनीचा धाकटा भाऊ अपूर्व. आईवडील गेल्यापासून एकटाच.

"खेळत असेल," सीमंतिनी म्हणाली. "दुसरं काय करतो तो?"

"कालपासून नुसती घरघर आहे गं. कूलरची म्हणावी, तर पाणी पडल्याचं ऐकू येत नाही. मघाशी दार वाजवलं तर आतून म्हणाला, 'काकी, सो रहा हूँ.' माझ्याशी कधी हिंदीत बोललाय का तो? आणि काकी कधीपासून झाले मी?"

"अहो, या हिंदी मुलखात आजकाल सगळ्यांचंच तसं झालंय. माझी गरिमा तर माझ्याशीही हिंदीच बोलते. आणि तो ऑनलाइन आहे, लीलाताई. मला दिसतोय इथे."

"कुठे दिसतोय?"

"मोबाइलवर. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे. म्हणजे बसून खेळतोय. आजारी माणूस गाड्या ठोकत बसतो का?"

"तुमचं तुम्हाला माहीत, बाई. मला ठिपका-बिपका कळत नाही. मी दारापर्यंत जाऊन आले, तेवढं सांगितलं."

फोन ठेवून सीमंतिनीने पन्ह्यात मीठ घातलं. बाहेर लूचा तापलेला वारा वाहत होता. सिटी सेंटर या तिच्या नव्या वस्तीतल्या चकाचक रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गरिमा ड्रॉइंगच्या क्लासला निघाली तेव्हा तिच्या फ्रॉकच्या खिशात तिने कांदा ठेवला, डोक्याला ओला रुमाल बांधला, बाटली दोनदा तपासली. रिक्षात बसवल्यावर क्लासच्या मॅडमना फोन केला, आणि ती पोचली का म्हणून पुन्हा एक. सहा वर्षांच्या पोरीला ऊन लागू नये म्हणून ती एवढं करत होती. भावाकडे त्या दिवशी गेली नाही.

जायचं नव्हतंच तिला. दोघांत अबोला होता.

अबोल्याचं कारण म्हणजे ती गेम. 'डेंट किंग' नाव. जुनी, अपूर्व कॉलेजात होता तेव्हाची. शर्यत म्हणायला शर्यत, पण पहिलं येण्याला फारसा भाव नाही. दुसऱ्याच्या गाड्या ठोकायच्या, भिंतीवर चेपायच्या, जितका पत्रा वाकेल तितके पॉइंट. आपली गाडी भंगार झाली, की पडदा करडा होतो आणि पुढच्या क्षणी तीच गाडी कोरी करकरीत होऊन रस्त्यावर उभी. मामाच्या मांडीवर बसून गरिमा हे बघायची आणि टाळ्या पिटायची. मग एका रविवारी तिने कॉलनीतल्या उतारावरून सायकल सोडली ती सरळ गेटच्या खांबावर. हनुवटी फुटली. रक्त गळत असताना उठून आईला विचारते काय, "मम्मी, कितने पॉइंट?"

टाके घालून आल्यावर सीमंतिनीने भावाला फोन लावला आणि मनात जे होतं ते सगळं ओकली. शेवटी म्हणाली, "तुझ्याकडे गमावण्यासारखं काही नाही रे. माझ्याकडे आहे."

अपूर्व म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ना त्याने फोन केला, ना तिने. पण सीमंतिनी नजर ठेवणारी बाई. लेकीला कशाने बिघडवलं ते मुळापासून कळायला हवं म्हणून ती त्या गेमच्या पानावर जाऊन बसली. तिथे खेळणाऱ्यांची मतं असतात. मत लिहिताना आधी सांगावं लागतं, ही गेम तुम्ही दुसऱ्यांना सुचवाल का, हो की नाही. आणि वाचणाऱ्यांनी प्रत्येक मताखाली खूण करायची, 'उपयोगी' किंवा 'मजेशीर'. समरजीत, तिचा नवरा, बँकेतून आला की विचारायचा, "झाला का आजचा अभ्यास?"

तिला वाटलं होतं, तिथे उडाणटप्पू पोरं असतील. निघाले बाप्ये. 'झाडं पुठ्ठ्याची वाटतात, पण पत्रा असा वाकतो की नव्या गेमवाल्यांनी येऊन शिकावं.' 'स्टिअरिंग म्हणजे साबणाची वडी. तरी दहापैकी दहा.' 'शाळा बुडवून खेळायचो. आता केस गेले, ही आहे तशीच आहे.' 'नव्या लॅपटॉपवर आवाज फाटतो, कोणी उपाय सांगेल का?' एक 'खटारा मास्टर' नावाचा होता. गावाचं नाव कधी सांगत नसे, बाकी सगळं सांगायचा. घराखाली नमकीनचं दुकान आहे, तळणाचा वास येतो, समोरचं रेल्वे फाटक पडलं की हॉर्नमुळे गेमचा आवाज ऐकू येत नाही. त्याने लिहिलं होतं, 'बीवी पूछती थी इसमें है क्या. मैंने कहा, इसमें ठोकने पर कोई चिल्लाता नहीं. अब वो मायके में है, पूछता कोई नहीं.'

आणि होता 'लश्करवाला', शहरातल्या लश्कर भागाचं नाव लावलेला. हा अपूर्व.

तो पोटासाठी विमा कंपन्यांकरता ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायचा. हायवेवरच्या ढाब्यामागे, पोलीस ठाण्याच्या आवारात चेपलेल्या गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, नुकसान किती ते लिहायचं. त्यामुळे त्याच्या मतांना त्या पानावर मान होता. 'बोनेट आधी दुमडतं, मग खांब. यांनी बरोबर केलंय,' असं तो लिहायचा. एकदा लिहिलं, 'नीट बघितलंत तर या गेममध्ये गाडीत कोणी नसतं. ड्रायव्हरची सीट रिकामी. मला दिवसभर ज्या गाड्या बघाव्या लागतात, त्यांच्या सीटा तशा नसतात. म्हणून घरी येऊन ही खेळतो.'

सीमंतिनीने ते वाचलं होतं. तिला वाटलं, हे मला उद्देशून आहे, स्वतःची सफाई देतोय. तिने कुठलीच खूण केली नाही.

खटारा मास्टरची आणि त्याची कायम जुंपायची. या गेमची एक खोड आहे. तुम्ही कितीही पुढे जा, मागचे आपोआप वेग घेतात आणि गाठतातच. खटारा मास्टर म्हणे, 'बेईमान गेम है. कितना भी भगाओ, पीछे वाले टपक पड़ते हैं.' त्यावर लश्करवाल्याचं उत्तर, 'भाई, अकेला तो नहीं छोड़ते ना.'

अबोला धरून महिने गेले, पण ती रोज तिथे जायची. सुरुवातीला गरिमाच्या काळजीने, नंतर सवयीने. नावापुढे हिरवा ठिपका दिसला, की तिला हायसं वाटे. आहे म्हणजे. जेवला-बिवला असेल. बहिणीने भावाकडे लक्ष ठेवायचं असतं, ते ती ठेवत होती. जिना न चढता, माघार न घेता. तिला ते सोयीचं पडत होतं.

लीलाताईंच्या फोनच्या आदल्या दिवशी त्याचं नवं मत आलं होतं. 'फार गरम होते. पंखा ओरडतोय पण हवा गरमच. पाणी घालायला कोणी नाही. तरी चालू आहे. सुचवतो.'

लॅपटॉपबद्दल असणार. सीमंतिनीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी त्याचा जुना टवाळ आवाज ऐकल्यासारखं झालं. तिने 'मजेशीर'वर बोट टेकवलं, आणि मनात म्हणाली, घे, मीच आधी वाकले. आता कर फोन.

त्याचा फोन आला नाही. आला तो लीलाताईंचाच, पहिल्या फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

"आता हाकेला ओ पण देत नाहीये. मी खालच्या वर्कशॉपमधून माणूस बोलावलाय, कुलूप तोडतेय. तू विचारत बस तुझ्या ठिपक्याला."

समरजीतने गाडी कशी चालवली ते तिला आठवत नाही. महाराज बाड्याच्या चौकात सगळं ठप्प होतं, टमटमवाले एकमेकांना शिव्या देत होते, आणि ती हातातल्या मोबाइलकडे बघत होती. ठिपका हिरवाच होता. "अहो, बघा, खेळतोय तो," ती म्हणाली. समरजीतने हॉर्नवरचा हात काढला नाही.

खोलीत पाऊल टाकलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटलं. किल्ल्याचा दगड दिवसभर तापतो आणि त्याची झळ त्या बाजूच्या भिंतींवर येते. वर गच्चीची स्लॅब. कूलरची टाकी कोरडी ठाक, पंप जळलेला, पंखा मात्र सुरू, गरम हवा ढकलत. खिडकीपाशी लॅपटॉपवर गेम थांबवून ठेवलेली. पडद्यावर एक लाल गाडी उलटी पडली होती आणि वर अक्षरं लुकलुकत होती, पुढे चालू ठेवायचं का? एरवी किला गेटला रोज वीज जाते. त्या दोन दिवसांत एकदाही गेली नाही. गेली असती, तर ठिपका विझला असता.

अपूर्व खाटेच्या आणि भिंतीच्या मधे पडला होता. अंगाला हात लावला तर चटका बसला. घाम नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. आधी ताप, मग पाणी पोटात नाही, त्यावर हे ऊन. आदल्या दिवशी माणूस भ्रमात असणार. काहीच्या बाही बोलत होता का? लीलाताई म्हणाल्या, "हिंदीत बोलत होता." डॉक्टरांना ते कळलं नाही. सीमंतिनीला कळलं. डॉक्टर म्हणाले, "कल ले आते तो बात अलग थी."

तो वाचला. वाचला असंच म्हणायचं. मेंदूच्या ज्या भागाने हातापायाचा तोल सांभाळायचा, तो भाग भाजून निघाला होता. सीमंतिनीने त्याला आपल्या घरी आणलं, एसीच्या खोलीत ठेवलं. चमचा तोंडाशी नेताना त्याचा हात असा हलायचा की वरण शर्टावर. शब्द एकेक करून, दारू प्यायल्यासारखे बाहेर पडायचे. लीलाताई भेटायला आल्या तेव्हा त्याच्याजवळ बसल्या, त्याला शिरा भरवला. सीमंतिनीने दिलेला चहा तसाच ठेवून गेल्या.

एकदा ती त्याच्या शर्टावरचं वरण पुसता पुसता म्हणाली, "अपू, मला खरंच वाटलं रे की तू खेळतोयस."

"तू... बघतच... होतीस, ताई."

त्यात चीड नव्हती, हेच तिला सोसवेना.

गरिमाला यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की मामा आता आपल्याच घरी राहतो. एका दुपारी तिने लॅपटॉप आणून त्याच्या पुढ्यात ठेवला, खेळायचा रिमोट त्याच्या हातात कोंबला. "मामा, आप चलाओ ना!" सीमंतिनी दारात उभी होती. अडवायला पुढे झाली आणि थांबली. अपूर्वने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी निघाली, थरथरली, आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घुसली. पुन्हा कोरी होऊन आली, पुन्हा भिंतीत. त्याला वळायचं होतं, त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. गरिमा टाळ्या वाजवत ओरडली, "वाह मामा! सबसे ज़्यादा पॉइंट!"

त्याने रिमोट खाली ठेवला. मग काहीतरी दिसलं आणि थरथरतं बोट पडद्याच्या कडेला नेलं. "ताई. हा."

खटारा मास्टर. नावापुढे हिरवा ठिपका.

"मोबाइलवर... बघतोय. परवापासून... असाच. मी... लिहिलं. उत्तर... नाही. तो... भांडल्याशिवाय... राहत नाही."

तेवढ्यात समरजीत आत डोकावला. "कोण रे? तो नमकीनवाला? अरे, खेळत असेल. दुसरं काय करणार?"

सीमंतिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो चप्पल घालून खाली निघून गेला.

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. हाक मारायला नाव नव्हतं, गाव नव्हतं. होतं एवढंच पान. मत लिहायला गेली तर पानाने आधी तेच विचारलं, ही गेम तुम्ही सुचवाल का? तिने 'हो' दाबलं, कारण तिथे 'हो'वालेच वर दिसतात, हे तिने इतके महिने पाहिलं होतं. आधी हिंदीत लिहिलं, त्याच्याखाली मराठीत. अपूर्व बाजूला बसून वाचत होता.

'हे गेमबद्दल नाही. खटारा मास्टर नावाने जो खेळतो, त्याच्या घराखाली नमकीनचं दुकान आहे, समोर रेल्वे फाटक आहे. गाव माहीत नाही. बायको माहेरी आहे, घरात तो एकटा असतो. त्याचा ठिपका परवापासून हिरवा आहे आणि तो कोणालाच उत्तर देत नाहीये. कृपया खाली 'मजेशीर' करू नका. असं घर तुमच्या ओळखीचं असेल, तर आत्ता जा. फोन करत बसू नका. जिना चढा, दार वाजवा. आतून 'सो रहा हूँ' म्हणाला तरी परत फिरू नका. दार उघडायला लावा आणि तो कसा आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.'