बोटावरची साखर

दवाखान्याच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली एवढी गर्दी की ॲम्ब्युलन्सला आत यायला वाट नव्हती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, पण कोणी हलेना. कसं हलणार? बाकावर शामुरात तबीब, दुआ-पाण्यानं बरं करणारा गावठी वैद्य, बसला होता ना! कोरी टोपी, विंचरलेली दाढी, मांडीवर चिरलेलं खरबूज. खोरेझम प्रांतात खरबुजाचा मोसम ऐन भरात होता, त्यामुळे सगळ्यांच्याच हातात फोडी होत्या, पण तबीबाच्या खरबुजावर म्हणे दुआ फुंकलेली होती.

"साखर म्हणजे काय रे?" तबीब ओरडला. "उधळलेली घोडी! आणि हे डॉक्टर मागून सुया टोचतात. सुई टोचली की घोडी थांबते का पळते?"

"पळते!" गर्दी खूष.

"मी तिला खरबूज दाखवतो. वासावर येते ती बोटाच्या टोकाशी. आली की माझ्या झऱ्याच्या पाण्यानं धुऊन टाकतो. खेळ खलास!"

आणि लोकांनी हे काल बघितलं होतं. अतिदक्षता विभागात मतनियाज नावाच्या साखरेच्या पेशंटच्या तळहातावर, बोटांवर त्यानं खरबुजाची फोड चोळली. बोट टोचून मशीन लावलं, तर आकडा चोवीस. इकडच्या मापात धडधाकट माणसाचा पाच-सहा असतो. मग त्यानं बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, पुसलं, परत टोचलं. नऊ! मतनियाजची बायको सापुरा तिथंच ढसाढसा रडली.

इंतिझार ही तिची सून. गर्दीच्या कडेला उभी होती. लग्नाला वर्षही नव्हतं झालं, नवरा तिकडे कझानला बांधकामावर. नव्या सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, मोठ्यांपुढे आवाज काढायचा नाही, ही इकडची रीत. तोंड बंद. डोक्यात मात्र चालूच. 'घोडी म्हणे. हा स्वतःच कुठला गाढव?'

मतनियाजच्या पायाची जखम चिघळून विष रक्तात पसरलं होतं. माणूस अर्धवट शुद्धीत. गावहर नावाच्या डॉक्टरीणबाईनं घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "अशा पेशंटची साखर चढू दिली तर जखम भरत नाही, विष वाढतं. आणि जास्त खाली ओढली तर मेंदूच बंद पडतो, माणूस जातो. मधे धरून ठेवायची. म्हणून दर तासाला मोजायचं आणि इन्शुलिनची धार कमी-जास्त करायची. पायाचं मात्र सांगता येत नाही. कदाचित कापावा लागेल."

सापुरानं त्यातलं एकच वाक्य ऐकलं, पाय कापायचं. आणि तबीब म्हणाला होता, कापायचं नाही. मग कुणाचं ऐकणार?

आज सकाळी तबीब परत आत गेला. फोड चोळली, पुटपुटला आणि पाणी न ओतताच बाहेर आला. "पाणी घरी. इथं नाही. इथल्या औषधात घात आहे, बघाच तुम्ही."

आणि बघायला मिळालंच. नर्सनं स्पिरिटनं बोट पुसलं, टोचलं, मशीननं पंचवीस दाखवले. इन्शुलिन वाढवलं. थोड्याच वेळात मतनियाज घामानं डबडबला, हातपाय गार, हाक मारली तर ओ नाही. गावहर धावत आली, थेट शिरेतून रक्त काढून बघितलं. दोन! तिनं इन्शुलिन बंद करून ग्लुकोज चढवलं. माणूस काठावरून परत आला.

तबीबाला आयतंच सापडलं. "सांगितलं नव्हतं?" तो व्हरांड्यात गरजला. "मारून टाकत होते! सापुरा, नवऱ्याला घरी ने."

सापुरा गावहरच्या अंगावर धावून गेली. "खाटीक आहात तुम्ही, खाटीक! पंचवीस होती म्हणता, मग दोन कशी झाली? आणा तो कागद, सही करते. नेते घरी."

"बाई, आत्ता नेलंत तर रस्त्यातच जातील हो."

"इथं राहून तरी काय होणार होतं? तुमच्यापेक्षा ते खरबूज बरं!"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाईलाच टोचा एकदा!" हशा पिकला. गावहर लाल झाली. तिनं मशीन उलटंसुलटं करून बघितलं, पण पंचवीस आले कुठून ते तिलाही कळेना.

इंतिझार अतिदक्षता विभागाच्या दारातून आत बघत होती. खिडकी उघडी होती. सासऱ्याच्या उजव्या हातावर माश्या बसत होत्या. हाकलल्या तरी त्याच बोटांवर परत. डावा हातही तसाच उघडा, पण तिकडे एकही माशी नाही.

बोलावं, तर सासू सगळ्यांपुढे सोलून काढणार. न बोलावं, तर माणूस खाटेसकट घरी आणि मग कबरीत.

ती आत गेली. सासऱ्याचा उजवा हात उचलला. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे तिनं डोक्यावरचा रुमालही ढळू दिला नव्हता. आपलं बोट त्यांच्या बोटावर घासलं आणि स्वतःच्या जिभेला लावलं.

"एने!" ती ओरडली. सासूला 'आई' म्हणायची ती, पण एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच. "गोड लागतंय! साखर बोटावर आहे, रक्तात नाही!"

"निर्लज्ज!" सापुरा किंचाळली. "वेड लागलं का तुला?"

"लागू दे. डॉक्टर, माझं बोट टोचा. सगळ्यांपुढे."

गावहरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं इंतिझारला नळावर साबणानं हात धुवायला लावले, पुसले, टोचलं. पाच. मग गर्दीतल्याच एकाच्या हातातली साधी फोड घेतली. दुआ नाही की फुंकर नाही. इंतिझारनं ती दुसऱ्या हातात चुरगळली, हात वाळू दिला. गावहरनं नर्ससारखंच स्पिरिटनं बोट पुसून टोचलं. बावीस! परत नळ, साबण, टोचणं. पाच.

"स्पिरिटनं हा चिकटा जात नाही," गावहर म्हणाली. "पाण्यानं जातो. कुठल्याही पाण्यानं. आमचीही चूक आहे. एवढा आकडा आला तेव्हाच शिरेतलं रक्त बघायला हवं होतं. आम्ही खोट्या साखरेवर खरं इन्शुलिन दिलं. पण ती खोटी साखर बोटाला फासली कुणी? तबीबदादा, या इकडे. तुमचंही बोट टोचू."

तबीब मागे सरकला. "माझी विद्या मशीनपुढे चालत नाही."

"काल चालली की! काल मशीन तर तुम्हीच मागितलंत!" इंतिझार म्हणाली.

"सून आहेस, सुनेसारखी रहा."

हे त्यानं बोलायला नको होतं. कारण आता सापुरा पुढे आली. तिनं सुनेकडे बघितलं, तिच्या टोचलेल्या बोटांकडे बघितलं, मग तबीबाकडे वळली.

"सकाळी पाणी का नाही ओतलंस?"

"बहिणी, ते मुहूर्ताचं..."

"पाणी का नाही ओतलंस, मेल्या? चिकट हात तसाच टाकून आलास. तू बाहेर बसून माझा माणूस मरायची वाट बघत होतास!"

तबीबानं टोपी सावरली आणि सटकला. पण सगळ्यांचाच विश्वास उडाला नव्हता. चार-पाच जण त्याच्या मागे धावले, बाटल्या घेऊन, पाणी मिळेल का विचारत. अशी माणसं असतात. काय करणार?

कागदावर सही झाली नाही. सापुरानं स्वतः नवऱ्याचे दोन्ही हात साबणानं धुतले, नखांच्या आतूनसुद्धा. गावहरनं शिरेतून रक्त काढलं, इन्शुलिनची धार परत सुरू केली, अगदी बारीक.

"वाचतील ना?" इंतिझारनं विचारलं.

"शब्द देत नाही. पायाचाही नाही. पण आता आपण निदान खरा आकडा बघतोय."

मशीन वाजलं. दहा, नर्स म्हणाली.

सापुरा खाटेशेजारून उठली. "रक्तातली दहा की बोटावरची?"

हा प्रश्न विचारायला शाळा लागत नाही, डिग्री लागत नाही. समोर चमत्कार दिसला की रडण्याआधी, पाया पडण्याआधी, घरच्या माणसाला खाटेवरून उचलण्याआधी एवढंच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका.

"रक्तातली," नर्स म्हणाली. सापुरानं मान हलवली आणि सुनेला शेजारी बसायला जागा करून दिली.