सुजलेल्या पायाचे हितचिंतक

पडद्यांच्या दुकानातला तो विक्रेता कुणालाच नाही म्हणत नसे, म्हणून गल्लीने त्याचं नाव होयबा ठेवलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, हा निळा जरा हिरवा दिसतो, की हा म्हणे, "हो, हिरवाच आहे!" अशा माणसाची बायको आजारी पडली आणि घराचं दार हितचिंतकांना मोकळं झालं.

तिला रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार होता. तोंडात फोड यायचे, डोळे लालभडक व्हायचे. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, "सुजलेल्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. एकच पाय अचानक सुजला, दुखला, तर तडक इकडे यायचं. चोळायचा तर मुळीच नाही. गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात जाऊन अडकते."

"हो," होयबा म्हणाला.

मग त्याचे मामा आले. निवृत्त कसरतमास्तर. अंग रगडलं की कुठलाही रोग पळतो, असं त्यांचं ठाम मत. "एवढ्या गोळ्या? अरे, पोट आहे की औषधाचं दुकान? निम्म्या कर!"

"हो, मामा." आणि केल्या. बायको भांडली, पण मामा आले की त्या घरात मामांची तीन मतं आणि तिचं एक.

एका रविवारी ती उठली तर डावा पाय मांडीपर्यंत टम्म सुजलेला, गरम. टेकवला की कळ मस्तकात. "निघू या," ती म्हणाली. होयबा शर्टात हात घालतोय तोच शेजारच्या काकू आल्या आणि त्यांच्या मागोमाग मामा. आता पाहुण्यांना सोडून उठायचं कसं? त्याने चहा टाकला.

"माझ्या नणंदेच्या जावेचा अस्साच सुजला होता," काकूंनी धीर दिला. "गेली बिचारी. पण तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

मामांनी बाह्या सरसावल्या. "तेल आण कोमट करून. आत्ता मोकळा करतो!"

होयबा वाटी घेऊन आला. बायकोने त्याची बाही धरली. "अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"हो गं, पण मामा एवढ्या लांबून आलेत."

"मामा लांबून आलेत, आणि मी लांब जायला निघालेय."

तिच्या आवाजात राग असता तर त्याने हो म्हणून वेळ मारून नेली असती. पण ती घाबरली होती. देवापुढे वाकावं, माणूस उंच होतो. येईल त्याच्यापुढे वाकत राहिलं की लोक पाठीवर बसतात, आणि इथे तर घरातल्या माणसाचा जीव त्या ओझ्याखाली आला होता. मामांचा हात पोटरीकडे गेला. होयबाने वाटी मागे घेतली.

"नाही."

"काय नाही?"

"पायाला हात लावायचा नाही, मामा."

"अरे, तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी!"

"हो. खेळवलंत. पण पायाला हात नाही. काकू, चहा झाला की दार ओढून घ्या." त्याने बायकोला उचललं आणि टॅक्सी गाठली. पुढच्या सीटवर मामा आधीच बसले होते.

तपासणीत मांडीच्या शिरेत गुठळी सापडली. "फुप्फुसं वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पातळ ठेवू, पण मुख्य काम शिरेची सूज उतरवण्याचं. गोळ्या निम्म्या कुणी केल्या?"

"मामांनी सांगितलं," होयबा म्हणाला, "पण केल्या मी."

"घरी चला, मग बघते," बायको पडल्यापडल्या म्हणाली. ते ऐकून त्याला केवढं बरं वाटलं! तिला घरी यायचं होतं.

बाहेर बाकावर मामा एका अनोळखी आजोबांना सांगत होते, "मी वेळेवर पोचलो म्हणून सून वाचली. अहो, तुमचाही पाय सुजलाय की! द्या इकडे."

"आजोबा, पाय वर घ्या!" होयबा धावला. "मामा, आत चला. डॉक्टरीणबाईंना गोळ्यांबद्दल तुमचं मत ऐकायचंय."

मामांनी बाह्या खाली केल्या. त्यांना घरी फार महत्त्वाचं काम आठवलं होतं.