सुई दिल्यानंतर

कानातल्या कुड्या उतरवून वच्छलाबाईंनी सुनेच्या, दीपमालाच्या, हातात दिल्या आणि तोच हात घट्ट धरून ठेवला. स्तनातली गाठ काढली होती, पण दुखणे आता हाडांत उतरले होते. नवे औषध लागू पडतेय की नाही, हे आजच्या स्कॅनवर ठरणार होते. फुलंब्रीची ही बाई कुणाच्या बापाला भीत नसे. त्या मशीनच्या बोगद्याला मात्र भ्यायची. मागच्या वेळी अर्ध्यातच उठून आली होती. आज आली ती एकाच अटीवर: मशीनमध्ये नेईपर्यंत दीपमाला हात धरून बसेल.

तंत्रज्ञ आफरीन सुई घेऊन आली.

"मावशी, ही दिली की तासभर पडून राहायचं. औषध अंगात पसरलं की दुखणं कुठं कुठं आहे ते मशीनला दिसतं. पण तुमच्या अंगातून दिवसभर किरणं निघतात. एक जण जवळ बसलं तर चालेल." तिने दीपमालाकडे पाहिले. "ताई, तुम्हाला दिवस गेलेले नाहीत ना?"

दीपमालाचे दोनदा पोट पडले होते. या खेपेला तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचे नाही, असे तिने आणि नवऱ्याने, गोकुळने, ठरवले होते. खरे सांगावे, तर सासूचा हात सुटणार आणि स्कॅन पुन्हा राहणार. तिने तोंड उघडले.

"ती कशाला बसंल?" वच्छलाबाईंनीच हात सोडवून घेतला. "सारखी बडबड करती. मला पडू दे जरा."

"आत्याबाई, तुम्हीच म्हनला व्हता..."

"म्हनले व्हते. जा आता भाईर."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर दीपमालाचे डोळे भरून आले. सुटल्यासारखेही वाटत होते, आणि त्याचीच लाज वाटत होती. आता उठतील, मग उठतील, म्हणून तिचे सगळे लक्ष दाराकडे होते.

शेवटी आफरीनच आली.

"झालं. असे पेशंट रोज नाही मिळत. घामानं गाऊन भिजला, पण बाई तसूभर हलली नाही."

मागोमाग वच्छलाबाई आल्या. चेहरा पांढराफटक, चाल मात्र ताठ. दीपमाला कुड्या घेऊन लगबगीने पुढे झाली.

"ठिव तिथं बाकावर. मी घेते," त्या मागे सरकत म्हणाल्या. "तू रिक्षानं गारखेड्याला घरी जा. मी गोकुळसंगं येते मागून."

दीपमाला थबकली. मग तिला सगळा उलगडा झाला.

"कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"तू च्या सोडलास तवापासनं."

दीपमालाला राहवले नाही. ती पाया पडायला वाकत पुढे आली, तशा वच्छलाबाई आणखी दोन पावले मागे सरल्या.