लाल डागाचा माग

वहिनीचं निम्मं आयुष्य डागांशी भांडण्यात गेलं होतं. नवऱ्याची लाँड्री. धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या हाताखालून जायचा आणि कापड नाकाशी नेऊन ती सांगायची, ही शाई, हा गंज, हे औषध सांडलंय. म्हणून लाँड्रीमागच्या शेडच्या फरशीवर एका सकाळी तांबडा तेलकट डाग दिसला, तेव्हा पुसायचं सोडून ती उकिडवी बसली आणि तिने त्यात बोट बुडवलं.

शेडमध्ये गाडी उभी होती ती नणंदेची. नणंद गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. जिन्यावरून पडून डावा पाय मोडला, तेव्हा त्या धाकट्या भावाकडे मुक्कामाला आल्या आणि त्यांच्यासोबत ती जुनी गाडीही आली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. नणंद-भावजयीचं वाकडं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. 'ब्रेक दाबा' म्हणावं त्या सुरात मास्तरीणबाई मीठ मागायच्या आणि वहिनी हूं की चूं न करता मीठ पुढे सरकवायची.

डागाचं ऐकून नवरा इस्त्री न थांबवता म्हणाला की कुठल्या तरी चादरीचा रंग गेला असेल. मास्तरीणबाई म्हणाल्या, गाडी म्हातारी झाली, आता कुठून ना कुठून गळायचीच. वहिनीला दोन्ही पटलं नाही. चादरीचा रंग असा बुळबुळीत नसतो आणि इंजिनचं जुनं ऑइल काळं असतं. हे लाल होतं, पातळ होतं, आणि त्याला किंचित जळका वास होता. तिने साबणाचं खोकं उलगडून पुठ्ठा गाडीखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा डाग होता, इंजिनच्या खाली नाही, बराच मागे.

तो पुठ्ठा घेऊन ती थेट मास्तरीणबाईंच्या खाटेपाशी गेली. त्यांनी चष्मा लावून तो उलटासुलटा केला.

"हे गिअरबॉक्सचं ऑइल आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली गिअरचा दांडा ओढला की गाडी क्षणभर नुसती उभी राहते, मग निघते. मला वाटलं, तीही माझ्यासारखीच विचार करून पाऊल टाकायला लागली."

ऑइल कमी पडलं तर अख्खा गिअरबॉक्स जळतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्री एकेकाळी त्यांच्याचकडे गाडी शिकलेला. अजूनही त्यांच्यासमोर पाठ ताठ करून बसायचा. त्याने गाडी उचलून पाहिलं. गिअरबॉक्सच्या तळाला ऑइल साठवायचं पसरट चेंबर असतं, त्याचा मागचा कोपरा ओला होता. त्याने चेंबर उतरवून सांध्यात गळती अडवणारं नवं गॅस्केट बसवलं, ऑइल भरलं आणि तो हात पुसत निघून गेला. चार दिवसांनी पुठ्ठ्यावर पुन्हा लाल डाग. मेस्त्रीने येऊन सगळे बोल्ट आवळले. डाग हटेना.

आता वहिनीच्या डोक्यात तो भुंगा शिरला. कपडे भिजवतानाही ती त्याचाच विचार करी. एकदा खिशात पेन फुटलेला सदरा आला. शाई ओघळून खाली शिवणीशी साचली होती आणि खिसा जवळजवळ स्वच्छ होता. सदरा तसाच हातात धरून ती मेस्त्रीकडे गेली. ओलं दिसतंय तो कोपरा फक्त सगळ्यात खालचा आहे, गळती वर दुसरीकडेच असेल तर, असं तिने विचारलं.

मेस्त्री हसला. असं होतं खरं, म्हणाला, पण वर नजर पोचत नाही. मग त्याला त्याच्या उस्तादाची युक्ती आठवली. शेडमध्ये येऊन त्याने गिअरबॉक्स बाहेरून धुऊन कोरडा केला आणि त्याच्यावर सगळीकडे अंगाला लावायची पावडर उडवली. आता गाडी तापेपर्यंत चालवा, मग पावडर कुठे भिजते ते सांगा, असं म्हणून तो दुसऱ्या कामाला गेला.

चालवणार कोण? नवऱ्याला सायकलपलीकडे काही येत नव्हतं. मास्तरीणबाईंनी वहिनीकडे पाहिलं.

"बस," त्या म्हणाल्या. "अंगणातल्या अंगणात पुढे-मागे करायचीय. उजवा पाय ब्रेकवर ठेव. डाव्या पायाला विसर, मीही सध्या विसरलेच आहे."

वहिनी कधी स्टिअरिंगमागे बसली नव्हती, पण पावडरीचं काय होतंय हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. प्लॅस्टरचा पाय कसाबसा आत घेऊन मास्तरीणबाई शेजारी बसल्या. गाडी पुढे गेली, मागे आली, एकदा कपड्यांच्या दोरीपर्यंत जाऊन दचकून थांबली. घरात त्यांचा जो सूर वहिनीला टोचायचा, तोच इथे आधार देत होता. तासभराने वहिनी आडवी होऊन टॉर्च मारून बघते, तर पावडर पांढरीशुभ्र, कोरडी ठणठणीत.

सकाळी मात्र पावडरीतून एक लाल रेघ उतरली होती.

"चालताना गळत नाही आणि झोपेत गळते," वहिनी म्हणाली. "असं कसं?"

 मास्तरीणबाईंनी सांगितलं की या गाडीचं ऑइल मोजायचं ते इंजिन चालू ठेवूनच, हे त्या वर्षानुवर्षं शिकवत आल्या. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही कधी तो प्रश्न पडला नाही. मेस्त्रीला बोलावलं, तर त्याला ते माहीत होतं. इंजिन चालू असलं की बरंचसं ऑइल वर फिरत राहतं. बंद झालं की हळूहळू खाली उतरतं आणि चेंबरमधली पातळी चढते.

"मग भोक त्या चढलेल्या पातळीच्या खाली आणि चालतानाच्या पातळीच्या वर," वहिनी म्हणाली.

मेस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि तो गाडीखाली शिरला. रेघेचा माग काढत बोट वर नेलं. ऑइल मोजायची पट्टी ज्या नळीत असते, ती नळी गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे रेघ सुरू होत होती. त्याने नळी उपसली. तिच्याभोवतीची रबरी रिंग उन्हात वाळलेल्या सालीसारखी कडक झालेली. चिमटीत धरताच तुटली. नवी रिंग बसवायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुठ्ठा कोरडा राहू लागला, तरी वहिनी रोज वाकून बघायची. दुपारी कामं आटोपली की आता मास्तरीणबाईच हाक मारायच्या, "वहिनी, चल, बस." अंगण अपुरं पडू लागलं तेव्हा त्यांनी तिला शिकाऊ लायसन्स काढायला लावलं. आणि प्लॅस्टर निघाल्यावर त्या घरी परत निघाल्या, तेव्हा स्टिअरिंगवर वहिनी होती.

पहिलं मोठं वळण सुटल्यावर तिने स्टिअरिंग सैल सोडलं आणि ते तिच्या तळव्यांतून आपोआप सरळ झालं.

"वन्सं, हे असं आपलं आपण सरळ का होतं?"

मास्तरीणबाईंनी वाकून स्टिअरिंगकडे पाहिलं. थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या चौकात डावीकडे घे. मेस्त्रीच्या गॅरेजवरून जाऊ, त्यालाच विचारू."