अकरा एक आणि हातचे आठ

"काका, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो याला." कॉलेजात गणित शिकवणाऱ्या अरुंधतीबाईंनी जाडजूड कोष्टक मिटलं.

बळीराम नुसता हसला. अकरा वेळा एक लिहिलं की जी संख्या होते, तिला ती स्वतः आणि एक सोडून कोणीच भागत नाही, हे दाखवायला त्यानं पंधरा वर्षं घातली होती. अजनीच्या यार्डात तो नंबर टेकर. मालगाडी आली की डब्यांचे नंबर उतरवायचे, आणि दोन गाड्यांच्या मधे एखादी मूळ संख्या घेऊन भागाकार मांडायचा. अशा दहा हजारांवर संख्या झाल्या, चौदा वह्या भरल्या. यार्डातल्यांनी त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते. घरी बायको पुष्पलता अकरा वर्षं कामापुरतंच बोलत होती. या वह्या वाया गेल्या नाहीत, एवढं तरी तिला सांगता यावं म्हणून तो आज बाईंकडे आला होता.

"काहून जाईल जी? म्या सोता भागून पाह्यलं."

"परत तपासलं होतं?"

"नाही."

चालत्या गाडीचे नंबर उतरवताना मागच्या डब्याकडं वळून पाहिलं की पुढचा हुकतो, हे यार्डात पहिल्याच दिवशी शिकवतात. या शहाण्यानं तोच नियम गणितालाही लावला होता.

बाईंनी चौथी वही उघडली. भागाकार शेवटच्या ओळीपर्यंत नेटका होता. तिथे नऊ नवे एक्याऐंशी, एक लिहिला होता आणि हातचे आठ विसरले होते. शून्य यायचं तिथे बाकी ऐंशी.

"एवढीशी चूक," बाई हळहळल्या. "पुढची सगळी वर्षं..."

बळीराम पानावरची तारीख बघत होता. चौदा मार्च सहासष्ट. त्या दिवशी सकाळी त्याची चार वर्षांची जया तापानं गेली होती. तिला माती देऊन आल्यावर तो वही घेऊन बसला, कारण दुसरं काही करताच येईना. पुष्पलतेनं ते दारातून पाहिलं होतं.

तो घरी पोचला तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"लागला का निकाल?"

"भाग जाते वं तिले. माझीच चूक झाली."

"कवा?"

"जया गेली त्या दिशी."

तिचा हात सुपात थांबला. "मले वाटे तुमाले काहीच झालं नाही. लेक मातीत ठेवून आले अन् आकडे मांडत बसले."

"मलेबी तसंच वाटे," बळीराम म्हणाला. बोलताना त्याला रडू आलं.

पुष्पलतेला वाचता येत नव्हतं. तिनं पदराला हात पुसले आणि वही मांडीवर घेतली. "कोठी चुकलं, दाखवा."

त्यानं बोट ठेवलं. ती त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली. तो वही मिटायला गेला, तर तिनं मिटू दिली नाही.