परातीत वाचलेले मन

‘उमरदरा प्राथमिक आरोग्य केंद्रात बालमन-संवाद योजनेखाली सहा महिन्यांत एकशे बारा बालकांना नागपूरच्या तज्ज्ञांचा सल्ला पडद्यावरून मिळाला. पालकांचे समाधान शंभर टक्के. गोपनीयता शंभर टक्के.’

हा अहवाल केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. चारुशीला हिनेच लिहिला होता, त्यामुळे त्यात खरे किती हे तिला ठाऊक होते. एकशे बारा हा आकडा खरा होता. पडद्यासमोर एकदा तरी बसलेली मुले तेवढीच. दुसऱ्यांदा आलेली एकोणीस होती, पण अहवालात ‘दुसऱ्यांदा’ असा रकानाच नव्हता. समाधान शंभर टक्के होते, कारण समाधानपत्रावरची सही संमतीपत्राबरोबर आधीच घेतली जाई. नंतर माणसे नरखेडची बस पकडायला धावत. राहिली गोपनीयता. तिच्याविषयी कोणाची तक्रार आली नव्हती, आणि ज्याची तक्रार नाही ते शंभर टक्के असते, हा कार्यालयीन गणिताचा सर्वमान्य नियम आहे.

उरलेली त्र्याण्णव मुले कुठे जातात, हे गावात सगळ्यांना माहीत होते. ती गुरुवारी मधुकर महाराजांकडे जात.

गावाबाहेरची संत्री निवडायची शेड हंगाम संपल्यामुळे रिकामी होती. त्या गुरुवारी दुपारी तिथे इतकी गर्दी झाली की माणसे उलट्या क्रेटांवर उभी राहून पाहत होती. मध्ये पाट, पाटावर पितळेची परात, परातीत पाणी, आणि पाण्यापलीकडे महाराज. पंधरा वर्षे त्यांनी नागपूरच्या इतवारी बाजारात भांडी विकली होती. परात तिथलीच होती, आणि बोलण्याची ढबही.

“बोलू नको, बाळा,” समोरच्या मुलीला ते म्हणाले. “तोंड लबाड असते. पाणी लबाड नसते. पाण्याले माय नाही, बाप नाही, डिग्री नाही.” लोक हसले. महाराजांनी हसू ओसरू दिले. “नागपूरचा डॉक्टर डबड्यातून विचारते, सांग बेटा, तुले काय होऊन राह्यलं? अरे, पोट्ट्याले सांगता आलं असतं तं डॉक्टर कायले लागला असता? मी विचारत नाही. मी वाचतो.”

मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या चारुशीलाला मनातल्या मनात कबूल करावे लागले, की टोमणा वाईट नव्हता. ती आली होती गंमत पाहायला. परतल्यावर नागपूरच्या मैत्रिणींना सांगण्यासाठी दोन-चार वाक्येही तिने जुळवून ठेवली होती. पण एक गोष्ट तिला छळत होती. महाराजांचे वाचन बरोबर येत होते. एक मुलगी स्वतःचे केस उपटून कंपासपेटीत लपवते, हे त्यांनी पाण्यात पाहिले आणि पेटीत केस निघाले. एका मुलाला शाळेच्या संडासाची भीती वाटते, हे त्याच्या बापालाही ठाऊक नव्हते. महाराजांना ठाऊक होते.

आज परातीसमोर बसली होती अदिती. वय अकरा. पाच महिन्यांपासून घराबाहेर तिच्या तोंडून आवाज जवळजवळ निघालाच नव्हता. केंद्रातल्या पडद्यावर पहिल्या मंगळवारी तिने उत्तरे कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरली होती. पलीकडे नागपुरात बसलेल्या बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. श्रीधर यांनीही मग बोलणे थांबवले आणि प्रश्न कागदावर लिहून धरले. तासभर दोघे गप्प राहून कागद दाखवत होते. ‘मला आवाज काढायची भीती वाटते, लोक वळून बघतात,’ असे तिने लिहिले. तिसऱ्या मंगळवारी ती पडद्याकडे पाहून हळूच ‘हो’ म्हणाली. एकशे बारांपैकी याच एका मुलीचा चारुशीलाला खरा अभिमान होता.

महाराज पाण्यावर वाकले. “आग,” ते म्हणाले. “हिच्या मनात आग हाये. गंजीले काडी लावावी, काडी लावावी, असं हिले वाटते. मंग भेव लागते, अन् हात कोपरापर्यंत तीनदा धुते.”

शेडमध्ये कोणीतरी हळू आवाजात म्हणाले, “मागच्या महिन्यात पाटलाची कडब्याची गंजी जळली नं गा?”

अदितीच्या खांद्यावर तिच्या आईचा, कामिनीचा, हात होता. तो खाली आला. अदितीने तोंड उघडले. काहीच बाहेर पडले नाही, आणि त्या गप्पपणाला लोकांनी कबुली मानले.

चारुशीलाची जुळवलेली वाक्ये जागच्या जागी विरली. ‘कोपरापर्यंत तीनदा.’ हे शब्द तिचे होते. तिनेच ते लिहिले होते, निळ्या पेनाने, मुलांनी सांगितलेले टिपायच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर. फक्त ते अदितीविषयी नव्हते. ते दुसऱ्या एका मुलाविषयी होते. त्याचे नाव इथेही लिहिण्याचे कारण नाही. त्याने आयुष्यात काडी ओढलेली नव्हती. असे विचार बहुधा अशाच भित्र्या, नीटनेटक्या मुलांना येतात आणि विचाराच्या भीतीनेच ती पिचतात, हे डॉ. श्रीधरांनी तो अर्ज भरला त्याच मंगळवारी समजावले होते.

केंद्रावर येऊन तिने दार लावले आणि फोन उघडला. काम झाल्याचा पुरावा म्हणून बालक आणि भरलेला अर्ज यांचा, ठिकाण आणि वेळ छापून येणारा फोटो संध्याकाळी पाचपर्यंत वर पाठवायचा असे. योजनेच्या पोर्टलवर तो तासन्तास चढत नसे. म्हणून तिने ‘बालमन उमरदरा’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. वरचे साहेब त्यात, शाळेचे मास्तर त्यात, ग्रामपंचायतीचे सदस्य त्यात, आणि कौतुक व्हावे म्हणून आणखी बरेच जण. सत्तेचाळीस सभासद. रोज संध्याकाळी फोटोखाली उमटणारे अंगठे तिने मोजले नव्हते, असे ती शपथेवर सांगू शकली नसती.

तिसऱ्या मंगळवारचा फोटो सापडला. अदिती हसत होती. हातात तिच्या अर्जाचे पहिले पान, आणि त्याला घाईत टाचलेले दुसरे पान त्या मुलाचे. नंतर चूक लक्षात आली तेव्हा पोर्टलवर तिने ती दुरुस्त केली होती. ग्रुपवर काय दुरुस्त करायचे? तिथे कोण वाचते? बोटांनी मोठे करून पाहिले तर स्वल्पविरामसुद्धा स्पष्ट दिसत होता.

सभासदांच्या यादीत सरपंचांच्या जागी त्यांच्या कार्यालयातला संगणकचालक अमोल होता. गुरुवारी महाराजांची परात डोक्यावरून आणतो, तोच अमोल.

आणि तिला आठवले, की योजना सुरू झाली त्या दिवशी डॉ. श्रीधरांनी विचारले होते, “अर्ज फक्त पोर्टलवरच जातात ना?” ती म्हणाली होती, “हो, सर.”

शुक्रवारी सकाळी ती अदितीच्या घरी गेली. आतल्या खोलीला बाहेरून कुलूप होते. चुलीजवळची काडेपेटी जाऊन लायटर आला होता आणि तो कामिनीच्या कमरेला खोचलेला होता.

“अकरा गुरुवार मठात ठेवा म्हणते महाराज,” कामिनी म्हणाली. “येत्या गुरुवारी धाडून राह्यले. तोवर कोंडलीच बरी. गंजीवाल्या पाटलाचे लोक सकाळी दोनदा दारावरून गेले.”

“कामिनीबाई, हे खरे नाही. अदिती असे काही करणार नाही.”

“मले तरी कुठं वाटते? पण मंग त्याइले कसं समजलं? कंपासपेटीचं समजलं, संडासचं समजलं. हिचंच काहून चुकन? तुमी डॉक्टर हा. सांगा नं मॅडम, कसं समजलं?”

दाराच्या फटीतून वहीचा कागद बाहेर सरकला. वळणदार अक्षर होते: ‘मी हात तीनदा धूत नाही.’

उत्तर चारुशीलाच्या जिभेवर होते.

“ते मी शोधते आहे,” ती म्हणाली.

शोध कसला, सापळा होता. तो सुचवला केंद्राच्या आशा कार्यकर्तीने, शोभाताईने, जिला चारुशीलाने सगळे सांगितले. निदान अमोलपर्यंतचे सगळे; ‘हो, सर’ तेवढे सोडून.

“माह्या पोरीचं नाव टाका,” शोभाताई म्हणाली. “चिन्मयीले नाटकाचा लय शौक हाये. अन् असं काही लिवा, का जे झालंच नाही.”

“तिला चालेल का, तिला विचारा आधी.”

“विचारलं. म्हणते, रडाचं का हसाचं तेवढं सांगा.” शोभाताईने आवाज उतरवला. “पण मॅडम, कामिनीले आजच सांगून टाकलं तं? पोट्टी कोंडून हाये वं बापा.”

“आत्ता सांगितले तर अमोल सावध होईल. गुरुवारपर्यंत थांबू.”

कारण योग्य होते. योग्य कारणांची चारुशीलाला कधीच उणीव पडत नसे. त्यातल्या एकाआड दुसरे कारण बसले होते, आणि तिकडे तिने पाहिले नाही.

मंगळवारी ग्रुपवर फोटो पडला. अर्जावर लिहिले होते, की चिन्मयी जन्मताच गेलेल्या आपल्या जुळ्या बहिणीशी बोलते. एकतीस अंगठे आले.

गुरुवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अदितीला मठात घेऊन जायला जीप उभी होती, आणि कामिनी मुलीचा हात घट्ट धरून पहिल्या रांगेत बसली होती. पण आधी चिन्मयीचा नंबर लागला. महाराजांनी पाणी हलवले, स्थिर होऊ दिले, मान डोलावली.

“दोन,” ते म्हणाले. “मले दोन दिसून राहिल्या. एक पाण्यावर, एक पाण्याखाली. माय, तुह्या कुशीतून दोघी आल्या. एक आल्या पावली परत गेली. थेच हिले बलावते.”

बायांच्या रांगेतून हुंकार उठला. शोभाताईने पदर सावरला.

“कधी गेली जी, महाराज?”

“जन्मताच.”

“मी बेशुद्ध असन तवा. थांबा, संग माही सासू होती.” ती मागे वळली. “आत्याबाई, किती झाल्या होत्या जी?”

“एकच,” कोपऱ्यातून म्हातारी ठणकावून बोलली. “अन् थे बी साडेतीन किलोची. दुसरीले जागा कुठं होती?”

शेडच्या पत्र्याखाली हशा घुमला. चिन्मयीने ठरल्याप्रमाणे रडायचे सोडून हसायला सुरुवात केली. पाणी गढूळ झाले, सभेत कोणी अविश्वासी बसले आहे, असे महाराज सांगू लागले. पण भांडे फुटके निघाल्यावर दुकानदाराचा आवाज चढतो तसा त्यांचा आवाज चढला होता, आणि इतवारीत खरेदी केलेल्या माणसांना तो ओळखू येत होता.

चारुशीला पुढे आली. “जुळ्या बहिणीची गोष्ट मंगळवारी मी टेबलाशी बसून रचली,” ती म्हणाली आणि तिने अर्ज वर धरला. “महाराजांनी शब्दन् शब्द इथून घेतला आहे. अमोलने तो त्यांना वाचून दाखवला.”

दोघा-तिघांनी अमोलची कॉलर धरली. तो घाबरला, पण त्याची बुद्धी शाबूत होती.

“मी चोरी नाही केली,” तो म्हणाला. “मॅडमनं फोटो टाकला, मी वाचला, महाराजाले सांगतलं. अदितीचा बी मॅडमनंच टाकला. सत्तेचाळीस जणाइले पाठवते त्याले चोरी म्हणते का?”

हात कॉलरवरून सैल झाले. गोपनीय माहितीचा गैरवापर, विश्वासघात, जादूटोणाविरोधी कायदा: चारुशीलाजवळ सगळे शब्द तयार होते. तिने समोर पाहिले. कामिनी महाराजांकडे पाहत नव्हती, अमोलकडेही नाही.

“मॅडम,” कामिनी हळूच म्हणाली, “शुक्रवारी मी तुमाले विचारलं होतं.”

महाराजांना पोलिसांनी नेले. जीप रिकामी परत गेली आणि कुलूप त्याच संध्याकाळी निघाले. पुढच्या मंगळवारी डॉ. श्रीधर पडद्यापलीकडे कोरे कागद घेऊन तासभर बसले. अदिती आली नाही. चारुशीलाने त्यांनाही सगळे सांगितले. त्यांनी कोरे कागद जुळवून बाजूला ठेवले. मग म्हणाले, “हे मला सांगून भागणार नाही.”

म्हणून तिने निवेदन लिहिले आणि ग्रामसभेत उभे राहून वाचले. पुढे झालेल्या तिच्या चौकशीच्या कागदांत ते जोडलेले आहे. ते असे:

“महाराजांनी पाण्यात काही वाचले नाही. पाण्यात अक्षरे नसतात. त्यांनी माझे अक्षर वाचले. मुलांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मी सोयीसाठी आणि कौतुकासाठी सत्तेचाळीस जणांना पाठवत होते. डॉ. श्रीधरांनी विचारले तेव्हा मी खोटे बोलले. अदितीच्या नावाने जे सांगितले गेले, ते तिचे नव्हते. दोन पाने माझ्या हातून चुकीची जोडली गेली. दुसरे पान ज्याचे होते त्याचे नाव कोणी विचारू नये, मी सांगणार नाही. गंजीशी दोन्ही मुलांचा काहीही संबंध नाही. मुलांना पडद्यावरून मिळणारा उपचार खरा आहे. माझ्यामुळे तो सोडू नका. माझ्या जागी दुसरा डॉक्टर मागा. आणि यापुढे कोणी तुमच्या मुलाच्या मनातले ओळखले, तर हात जोडण्याआधी विचारा, की त्याला हे कोणी सांगितले. महाराजांना विचारा, तसे डॉक्टरलाही विचारा. कामिनीबाईंनी मला विचारले होते. उत्तर एका वाक्याचे होते आणि मला ते येत होते. मी दिले नाही. अमोल सावध होईल, असे कारण मी स्वतःला सांगितले. खरे कारण हे, की महाराज उघडे पडावेत आणि मी पडू नये, असे मला वाटत होते. अदिती त्यानंतर आणखी सहा दिवस कोंडलेली होती. मला ते रोज माहीत होते.”